बुडालेले दिवस घरी कसे कळवावेत

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आणि आम्ही दोघी बाई. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या पालकसभेत, चौथीतल्या एका मुलीच्या आईला मी सहज विचारलं, "जूनपासून बाय किती दिवस शाळेत आली नसेल, तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, "दोन-तीन दीस जाले आसतले." मी मस्टर उघडून तिच्यापुढे ठेवलं. तेवीस दिवस होते. ती खोटं बोलत नव्हती. तिथेच बसून ती बोटांवर मोजायला लागली: पावसात ताप आला तेव्हाचे तीन, चवथीला (गणेशचतुर्थीला) माहेरी राहिलो ते पाच, व्हाळ (ओढा) भरला तो एक, मावशीचं लग्न, जत्रा, धालो (बायकांची रात्रीची गाणी आणि नाच). प्रत्येक वेळचं कारण तिला लख्ख आठवत होतं. बेरीज मात्र तिच्यासाठी कोणीच केली नव्हती. मस्टर माझ्या कपाटात होतं, आणि मीही ती केली नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला त्या घरच्या मुलाचा हिशेब कळवते. फोनवरून, आवाजातून, चिठ्ठीतून, जसं जमेल तसं. इतर शाळांतल्या बाई आणि मास्तर विचारतात म्हणून ही रीत लिहून काढते आहे. आमच्याकडे लहान मुलीला बाय आणि मुलाला बाब म्हणतात. खाली मुलांच्या नावांच्या जागी तेच घातलं आहे; "बाबाला", "बाबाने" म्हणजे त्या मुलाला, मुलाने, वडिलांना नव्हे.

आधी बेरीज

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलं घरी गेली की मस्टर घेऊन बसा. प्रत्येक मुलासमोर दोन आकडे लिहा: या महिन्यात किती दिवस बुडाले आणि जूनपासून एकूण किती. रजेचा अर्ज आला होता की नाही, ते इथे बघू नका. तापाने बुडालेला दिवस आणि लग्नाने बुडालेला दिवस, दोन्ही दिवशी भागाकार शिकवून झालेला असतो.

एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. महिन्याला दोन दिवस बुडाले तर आईबापांना ते काहीच वाटत नाही, मलाही पूर्वी वाटत नसे. दहा महिन्यांत त्याचे वीस होतात, म्हणजे दर दहा दिवसांतला एक. चार वर्षं हे असंच चाललं तर पाचवीला हायस्कुलात जाताना मूल ऐंशी दिवस मागे असतं.

आकड्यांच्या शेजारी कारण लिहा, एका शब्दात. तीन-चार महिन्यांत गावाचं पंचांग तुमच्या हाती येतं. आमच्याकडे जून-जुलैत व्हाळ, मग चवथ, पौषात धालो, नंतर शिगमो, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून काजू. सोमवारी कोण येत नाही, तेही दिसतं. ज्यांचे वडील पणजीला किंवा किनाऱ्याकडच्या हॉटेलात कामाला असतात आणि रविवारी रात्री घरी परततात, त्यांची मुलं आमच्याकडे सोमवारी हमखास गैरहजर. हे मला मस्टरनेच शिकवलं.

निरोप कोणाला

प्रवेशाच्या अर्जावरचा नंबर बहुतेक वडिलांचा असतो. तो फोन सकाळी वडिलांबरोबर ट्रकवर किंवा कारखान्यात जातो. मुलाला उठवणारी, न्हाऊ घालणारी, दप्तर देऊन वाटेला लावणारी व्यक्ती वेगळीच असते. निरोप तिला गेला पाहिजे. एका मुलाच्या घरी ती त्याची मोठी बहीण आहे, अकरावीत शिकणारी. दोन घरांत आजी. एका घरी शेजारीण, कारण आई-वडील दोघंही पहाटेच्या बसने जातात.

हे फोनवर विचारून नीट कळत नाही. जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकदा प्रत्येक घरी जा. चहा घ्या. "सकाळी बाबाला तयार कोण करतं?" एवढंच विचारा. मग वहीत चार गोष्टी लिहा: सकाळी पाठवणारी व्यक्ती कोण, तिच्या हाताला लागणारा फोन कोणाचा, ती काय वाचू शकते, आणि फोन कधी मोकळा असतो. ही वही तुमची. मुलांच्या हाती नाही, टेबलावर उघडी नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच नाही.

वाचण्याचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळू नका. आमच्या शाळेत लिहिणं-वाचणं मराठीत, घरातलं बोलणं बहुतेकांचं कोंकणीत. बागेत कामाला आलेल्या दोन घरांत कन्नड. ज्या आईला मराठी वाचता येतं तिला मी मराठीत लिहिते. ज्या आजीला अक्षरओळख नाही तिला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते, आणि तो कोंकणीत, जसं तिच्याशी दारात उभं राहून बोलले असते तसं. कन्नड घरांसाठी तिसरीतल्या मुलीची मावशी आवाज भरून देते. पण दुसऱ्याच्या घरचा आकडा तिच्या तोंडून जाऊ नये, म्हणून ती फक्त आपल्या भाचीच्या घरचा निरोप सांगते. दुसऱ्या घरी मी स्वतः जाते.

निरोपात काय

आधी नको तो निरोप सांगते, कारण तो मी स्वतः पाठवला होता. पहिल्याच वर्षी मी पालकांच्या ग्रुपवर गैरहजर दिवसांची यादी टाकली. सगळी नावं, सगळे आकडे, दहाच्या वरचे लाल रंगात. मला वाटलं, सगळ्यांना एकदम कळेल. त्याच रात्री एक आई ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिचा मुलगा पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले तेव्हा ती अंगणात सोलं वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही. "अख्ख्या वाड्याने वाचलं, बाई," एवढंच म्हणाली. मी तिची माफी मागितली. मुलगा यायला लागला, पण तिने माझ्याशी मोकळेपणाने बोलायला वर्ष लागलं. एका मुलाचा आकडा दुसऱ्या घराला कळता कामा नये, हा नियम मी त्या अंगणात शिकले.

दुसरा नको तो निरोप म्हणजे शिक्क्याचा: "सर्व पालकांना कळविण्यात येते की आपल्या पाल्यांस नियमित शाळेत पाठवावे." हा सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून कोणालाच आपला वाटत नाही. ज्या आईची मुलगी रोज येते ती उगाच दचकते आणि जिचा मुलगा येत नाही ती पुढे सरकवते.

आता हवा तो. एका आईला मी लिहिते तो निरोप असा:

"ताई, नमस्कार. बाय या महिन्यात ३ दिवस आली नाही. जूनपासून ११ झाले. या आठवड्यात आम्ही घड्याळ वाचायला शिकलो, तिचं ते राहिलं आहे. उद्या आली तर मधल्या सुट्टीत मी तिला बसवून शिकवते. सकाळी काही अडचण येते का? – बाई"

यात प्रत्येक ओळ कशासाठी आहे, ते सांगते. मुलाचं घरात हाक मारतात ते नाव पहिल्या ओळीत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे आपल्याच घरचं आहे. या महिन्याचा आणि एकूण असे दोन्ही आकडे, कारण घराला माहीत नसते ती बेरीजच. मग काय राहिलं ते नेमकं. "अभ्यास बुडतो" म्हटलं तर कोणाला काही दिसत नाही; "घड्याळ वाचायचं राहिलं" म्हटलं तर आई संध्याकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारते. मग मी काय करणार ते. आणि शेवटी एकच प्रश्न, खराखुरा. "का पाठवत नाही?" असं विचारू नका, त्यात बोट रोखलेलं असतं. "अडचण येते का?" याचं उत्तर मिळतं.

इतर मुलांशी तुलना करू नका. "वर्गातली बाकीची मुलं रोज येतात" हे वाक्य माझ्याही बोटांवर यायचं. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी २८ हजारांहून जास्त घरांना पत्रं पाठवून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आईबापांना आपल्या मुलाचे बुडालेले दिवस खऱ्यापेक्षा कमी वाटतात, हे तिथेही दिसलं. एकूण आकडा कळवल्यावर फार गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त घटलं, आणि त्याच घरातली दुसरी मुलंही जास्त येऊ लागली. वर्गमित्रांशी तुलना जोडल्याने मात्र अधिक काही साधलं नाही. ते शहर मोठं, पत्रं टपालाने गेलेली, आपलं गाव वेगळं. तरी ते वाचताना मला ती बोटांवर मोजणारी आई आठवली.

साधा फोन असेल तर

सगळ्यांकडे व्हॉट्सॲप नसतं. साध्या फोनवर एसएमएस जातो, पण देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात. रोमन लिपीत १६० मावतात. त्यातही फोन आपल्यासारखं मोजत नाही. "उद्या" आपल्याला दोन अक्षरांचा शब्द दिसतो. फोन त्याचे पाच मोजतो: उ, द, हलन्ताची खूण, य आणि काना. सत्तरच्या वर गेलात तर निरोप तुकड्यांनी जातो, आणि जुन्या फोनवर दुसरा तुकडा आधी पोचलेला मी पाहिला आहे. म्हणून आखूड लिहा:

"बाय या महिन्यात ३ दिवस आली नाही. उद्या पाठवाल का? - बाई"

हा पंचावन्नात बसतो. नाव लांब असलं तरी मावतं. काही घरांत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. तिथे सरळ फोन लावा.

कधी

शाळेच्या वेळात पाठवू नका. तेव्हा आई कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा कामावर असते, फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. दिवेलागणीनंतर, सात ते आठच्या दरम्यान पाठवा. त्या वेळी घरातली सगळी एकत्र असतात आणि उद्याचं ठरत असतं. सोमवारी न येणाऱ्या मुलांसाठी रविवारी संध्याकाळी. मूल सलग दोन दिवस आलं नाही तर महिनाअखेरची वाट न बघता दुसऱ्याच संध्याकाळी. बेरजेचा निरोप मात्र महिन्यातून एकदाच. दर आठवड्याला आकडा गेला तर तो वीजबिलासारखा होतो.

सणांचं वेगळं धरा. चवथीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस आमच्याकडे अर्ध्या बाकांचा असायचा. आता सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक घराला वेगळा निरोप पाठवते: "उद्या शाळा. बाबाने माटोळीला काय काय बांधलं ते चित्र काढून आणायला सांगा." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं, वेली बांधून टांगतात ती चौकट. तिची फळं, रानातल्या वेली मुलांना तोंडपाठ असतात. चित्र दाखवायचं म्हणून मुलंच घरच्यांना उठवतात. धालोच्या दिवसांत मुली आईबरोबर मांडावर, म्हणजे धालो खेळतात त्या अंगणात, रात्र जागवतात. तिथे जाऊ नका असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. ती गाणी आमच्या बायकांचं धन आहे. निरोप असतो: "बाय उद्या उशिरा आली तरी चालेल, पण येऊ द्या." त्या मुली दहाला डोळे चोळत येतात, पण येतात.

काजूचे दिवस सगळ्यांत कठीण. पडलेले बोंडू (काजूची फळं) सकाळी वेचावे लागतात आणि आमची शाळाही सकाळचीच. घरात माणसं कमी, दोन छोटे हात उपयोगी पडतात, त्यावर वर्षाचा खर्च निघतो. इथे "पाठवा" म्हणून निरोप टाकणं म्हणजे त्या घराची कुचेष्टा आहे. मी आधी विचारते: "बाबाची मदत कोणत्या दिवशी लागणारच?" तिसरीतल्या एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं, आठवड्यातून एक सकाळ, बिया विकायला न्यायच्या आदल्या दिवशी. उरलेल्या सकाळी ते स्वतः वेचतील आणि बाब दुपारी शाळेतून आल्यावर जाईल. आधीच्या हंगामात तो सतरा दिवस आला नव्हता, त्या हंगामात सहा. २०१५ नंतर सत्तरीत माकडतापाचीही भीती आहे आणि तो ताप रानातल्या गोचिडींतून येतो. म्हणून त्या दिवसांतल्या निरोपात एक ओळ मी हमखास घालते: रानातून आल्यावर अंग नीट तपासा, ताप आला तर थांबू नका, वाळपईच्या इस्पितळात न्या.

"पाठवू नका" हाही निरोप आहे

जुलैत व्हाळाला पाणी चढतं. पलीकडच्या वाड्यावरची चार मुलं तो ओलांडून येतात. धो धो लागला असेल तर मी पहाटे सहाला उठून त्या चार घरांना कळवते: "आज व्हाळ भरला आहे, पाठवू नका. उद्या पाणी उतरलं की सांगते." आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगते. ज्या बाईंना मुलाच्या जिवाची काळजी आहे, त्यांच्या "पाठवा" या शब्दाला घरात वजन येतं. मला तर वाटतं, माझे बाकीचे सगळे निरोप या एका निरोपामुळे वाचले जातात.

तसंच, मूल परत आलं की त्याच संध्याकाळी दोन शब्द: "आज बाय आली, घड्याळ शिकली. बरं वाटलं." घराला शाळेकडून फक्त तक्रारच येत असेल तर पुढच्या वेळी बाईंचं नाव बघूनच फोन उलटा ठेवला जातो.

उत्तर आल्यावर

खरं काम इथे सुरू होतं. "अडचण येते का?" असं विचारल्यावर अडचण कळतेच, मग ती ऐकून घेऊन गप्प बसता येत नाही. एका आईने कळवलं, चपला तुटल्या आहेत, पावसात अनवाणी कशी पाठवू. एका बहिणीने, बाबाला मोठी मुलं वाटेत त्रास देतात. एका वडिलांनी पाच महिने दर वेळी एकच उत्तर दिलं, "फाल्यां धाडटां हां, बाई" (उद्या पाठवतो), आणि मुलगा काही यायचा नाही. शेवटी घरी गेल्यावर कळलं की त्याला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. डोळे तपासून चष्मा मिळाला आणि तो पहिल्या बाकावर येऊन बसला. पाच महिने निरोप पाठवण्यापेक्षा मी पाचव्या दिवशी गेले असते तर बरं झालं असतं, हे मला आजही लागतं. म्हणून आता माझा नियम: सलग दोन निरोपांनंतरही मूल आलं नाही तर तिसरा पाठवायचा नाही, पायी जायचं.

काही गोष्टी निरोपाने सुटत नाहीत. बस वेळेवर येत नसेल, घरात दारू असेल, आई आजारी असून मुलगी भावंडं सांभाळत असेल, तर पंच, अंगणवाडी सेविका, आरोग्य केंद्र यांना गाठावं लागतं. चपलांचा प्रश्न आम्ही पालक-शिक्षक संघातून सोडवला, कोणाच्या नावाचा गाजावाजा न करता.

जिथे रेंजच नाही

डोंगराच्या कुशीत आमच्या शाळेची दोन धनगर घरं आहेत. तिथे फोन नुसता वेळ बघायला. आजी सकाळी मुलीला पाठवते आणि आजीला वाचता येत नाही. तिच्यासाठी मी वहीच्या पानाचा चौथा भाग कापून चिठ्ठी करते. वर जितके दिवस बुडाले तितक्या उभ्या रेघा, ठळक. खाली दोन चित्रं: एका बाजूला सूर्य आणि शाळेचं कौलारू छप्पर, दुसऱ्या बाजूला औषधाची बाटली. त्याच वाटेने जाणाऱ्या मोठ्या मुलाच्या हातून चिठ्ठी जाते. उद्या येणार असेल तर सूर्याखाली खूण, आजारी असेल तर बाटलीखाली. पहिल्या वेळी मी स्वतः जाऊन आजीला हे समजावून आले. तिने रेघा बोटाने एकेक करून मोजल्या, दोनदा.

चिठ्ठी दुसऱ्या दिवशी परत येते. घरात पेन नसतं, म्हणून आजी चुलीतल्या कोळशाने खूण करते. कागद पुस्तकात घालून पाठवला तर कोळसा पुसतो आणि पानं काळी होतात, म्हणून मी आता चिठ्ठीबरोबर पेन्सिलीचा एक तुकडाही पाठवते, दोऱ्याने बांधून.